नाथाभावजींचं अर्थिंग

बातमी आली तेव्हा मी माहेरी, कन्हेरीला, भावाच्या शेतात वांग्यांचे क्रेट भरत होते. खरं तर क्रेटपाशी बसून भावजयीला सूचना देत होते. माहेरी आलेल्या नणंदेनं जेवढं काम करायचं असतं तेवढंच. फोन सासरहून, निरवांगीहून आला आणि तो तात्यांनी केला होता. तात्या म्हणजे माझे थोरले चुलत दीर. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी मला कधी फोन केला नव्हता, आणि मीही त्यांच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की तोंड उघडलं नव्हतं. ते म्हणाले, "नाथाला जरा करंट बसलाय. निघून ये." जरा... आमच्याकडं माणूस गेला तरी फोनवर आधी 'जरा'च सांगायची रीत आहे. जरा लागलंय, जरा शिरेस हाय, जरा येऊन जावा. मला ती रीत पुरती ठाऊक. दुसऱ्यांना मी स्वतः असे फोन केलेत. तरीही मी त्या 'जरा'वर विश्वास ठेवला. भाऊ मोटरसायकल पळवत होता आणि मी मागं बसून वाटभर नाथाभावजींना मनातल्या मनात बोल लावत होते, की घातला असेल हात त्या कॉम्प्युटरात, कितीदा सांगितलं आधी पिन काढा म्हणून. घरी पोचले तर अंगणात माणसं दाटलेली. माझी धाकटी जाऊ मंगल भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी कन्हेरीहून काहीतरी वेगळी बातमी घेऊन आले असेन.

त्याला आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, एका हौशी कलावंताच्या आठवणी लिहा. लिहिते. पण राग आवरून लिहा असं त्यांनी काही कळवलेलं नाही, म्हणून तो आवरत नाही.

नवनाथ हे माझे सख्खे धाकटे दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते आणि शाळेपेक्षा बँजो पार्टीत जास्त होते. बँजो म्हणजे टाईपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आमच्या भागात एके काळी वरात त्याच्याशिवाय निघत नसे. पुढं ते या पार्टीचे मुख्य वाजवणारे झाले. लाल कोट, खिशात कंगवा आणि सूर्य मावळला तरी डोळ्यांवर काळा चष्मा. विनयाचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. नवरदेवापेक्षा जास्त फोटो आपले निघाले पाहिजेत अशी त्यांची रास्त अपेक्षा असे. मग डीजे आले, छातीत धडधडणारे, आणि बँजो पार्टी मोडली. हलगीवाला ऊसतोडीचा मुकादम झाला, ड्रमवाल्यानं वडापावचा गाडा टाकला, आणि भावजींनी डाळिंबाची बाग लावली. बाग चांगली आणली त्यांनी. पण जेवताना डाव्या हाताची बोटं ताटाच्या काठावर चालायची ती शेवटपर्यंत.

काही वर्षांपूर्वी त्यांनी मोबाईलवर पाहिलं, की लोक घरात बसून गाणी करतात. एकटा माणूस, एक कॉम्प्युटर, ढोल त्यातलाच, ताशा त्यातलाच, आणि आपण वरून वाद्य वाजवायचं. झालं. आमच्या ह्यांचा जुना लॅपटॉप त्यांनी ताब्यात घेतला, बँजो जोडला, कानाला हेडफोन लावले आणि अर्ध्या तासात तोंड कडू करून बाहेर आले. म्हणाले, "वैनी, बोट हितं पडतंय आन् आवाज वेशीवरून चालत येतोय." बोट दाबल्यावर आवाज कानात यायला जो उशीर लागतो त्याला लेटन्सी म्हणतात हे आमच्या घराला त्या दिवशी कळलं, आणि तो शब्द आम्ही लगेच कामाला लावला. आमच्या ह्यांना सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर रात्रीच्या जेवणाला मिळतं. इतकी वर्षं मी त्याला स्वभाव म्हणत होते. आता त्याला नाव मिळालं.

मग भावजींनी कॉम्प्युटर बांधायला काढला. 'बांधायला' हा त्यांचाच शब्द, गोठा बांधावा तसा. बारामतीत कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरांचा ढीग एका दुकानात पडला होता, त्यातला एक त्यांनी निवडून आणला. हात आखडता होता, म्हणून त्यांनी एक नियम केला: जे नुसतं दिसतं त्यावर काही घालायचं नाही, जे आवाजाची वाट अडवतं त्यावर सगळं घालायचं. स्क्रीनवर एक उभी रेघ होती, ती राहू दिली. कीबोर्डचं एक बटण गेलेलं, तेही राहू दिलं. पण आतली कुरकुरणारी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, रॅम वाढवली, आणि बँजोची वायर घ्यायला बाहेरून लावायचं चांगल्यातलं साउंड कार्ड घेतलं. दुकानदार रंगीत दिव्यांची पेटी गळ्यात मारत होता, तर म्हणाले, "मला गणपती न्हाय बसवायचा."

घरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी एकटी. त्या कोर्सात मी स्क्रीनवर घर, नारळाचं झाड आणि हसरा सूर्य काढायला शिकले होते, याहून पुढं गेले नव्हते. पण सर्टिफिकेट भिंतीवर होतं. त्या जोरावर मला बॅटरीचा उजेड धरायला बसवलं. प्रोसेसरवर लावायची पेस्ट ते भाकरीवर लोणी फासावं तशी फासायला निघाले, तेव्हा मी उगाच म्हटलं की टिकलीएवढी पुरे. नंतर त्यांनी कुठल्या व्हिडिओत पाहिलं तर खरोखरच टिकलीएवढीच लावायची असते. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ते माझी ओळख "आमच्या इंजिनियर" अशी करून द्यायला लागले, आणि मीही ती कधी खोडून काढली नाही.

खताची पोती ठेवायच्या खोलीत हे सगळं मांडलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सासूबाईंच्या गोधड्या टांगल्या. थंडी पडली की सासूबाई येऊन आपल्या गोधड्या काढून न्यायच्या, त्यामुळं भावजींची हिवाळ्यातली सगळी रेकॉर्डिंग विहिरीत बसून वाजवल्यासारखी आहेत. उशीर कमी करायचा तर बफर लहान करावा लागतो, असं त्यांनी मला समजावलं ते शेततळ्यावरून. आवाज साठवायचा हौद समजा. मोठा ठेवला तर भरायला वेळ लागतो, म्हणून आवाज मागं राहतो. लहान ठेवला तर आवाज हातोहात येतो, पण मशीन जरा दमलं की हौद कोरडा पडतो आणि कानात मोहरी तडतडते. मग मशीन दमू नये म्हणून त्यांनी एकेक नको ते काम बंद करायला घेतलं. नेट बंद, आपोआप होणारे अपडेट बंद, वीज वाचवायची सोय बंद. रोज हौद थोडा लहान करायचा, तडतड ऐकायची, कारण शोधायचं. दिवसचे दिवस हेच. एका दुपारी मंगल मला बोलवायला आली. म्हणाली, "वैनी, चला जरा. ह्ये गप बसल्यात." गप बसणं हे त्यांच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण होतं, म्हणून मी हातातलं पीठ न धुताच गेले. त्यांनी माझ्या कानाला हेडफोन लावले आणि बँजोचं एक बटण दाबून तार छेडली. बोट आणि आवाज एकाच जागी होते. मध्ये काहीच नव्हतं. "आलं घरात," एवढंच म्हणाले, आणि तोंड फिरवून खताच्या पोत्यांकडं बघत बसले.

इथवर मला हसत सांगता येतं. पुढचं येत नाही.

उशीर गेला, तर गुणगुण आली. वाजवणं थांबवलं की मागं एक बारीक, सलग आवाज. भुंगा डब्यात कोंडल्यासारखा. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की तो वाढायचा. त्यांनी फ्रीज बंद करून पाहिला, ट्यूब काढून पाहिली, माझा मिक्सर ऐन चटणीत बंद करून पाहिला. शेवटी त्यांना कळलं की आमच्या घराला अर्थिंगच नाही. भिंतीतल्या प्लगला तीन भोकं होती, पण तिसऱ्या भोकातून निघालेली वायर भिंतीच्या आत कुठंच गेली नव्हती. ती नुसती होती, लग्नपत्रिकेवर नाव असलेल्या मामासारखी. त्यांनी घरामागं मोरीच्या ओलीला खड्डा घेतला, त्यात पाईप उभा केला, मीठ आणि कोळसा भरला, वायर आणून जोडली. सासूबाईंना वाटलं, कुणी करणी केलीय ती उपटायची चाललीय. त्यांनी खड्ड्याला हळदकुंकू वाहिलं. गुणगुण गेली. आणि गुणगुणीबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जिच्याकडं इतकी वर्षं कुणी लक्ष दिलं नव्हतं. आमचा फ्रीज हाताला झिणझिण्या द्यायचा. मिक्सर द्यायचा, इस्त्री द्यायची. त्यावर घरचा उपाय होता, चप्पल घालून उघडा. मी सून म्हणून आले तेव्हा मला स्वयंपाकघर दाखवताना दूध कुठं, पीठ कुठं आणि फ्रीजपाशी चप्पल कुठं, असंच दाखवलं होतं. माझ्या झिणझिण्यांनी जे झालं नाही ते बँजोच्या गुणगुणीनं झालं. तेव्हा मी यावर हसले होते. आता हसू येत नाही, कारण नाथाभावजी तिथून सरळ विहिरीवर गेले.

विहीर आमची आणि तात्यांची सामाईक. आठवड्यातले काही वार पाणी आमचं, काही वार त्यांचं. मोटारीचा स्टार्टर लोखंडी पेटीत, तात्यांच्या बांधालगत. त्या पेटीला सुतळीनं बाभळीची एक काठी टांगलेली असे. बटण हातानं दाबायचं नाही, काठीनं दाबायचं. आजेसासऱ्यांच्या वेळेपासून हीच आमची सुरक्षितता. काठी झिजली की नवी तोडायची. पेटीत करंट उतरतो हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर काठी होती. ती पेटी नीट करावी असं कुणाला वाटलं नाही, कारण काठी होती. भावजी टेस्टर घेऊन गेले, पेटीला लावला, त्यातला दिवा लागला. मग तात्यांना म्हणाले, अर्थिंग घेऊ. सामान माझं, खोदणं माझं, फक्त खड्ड्याला जागा पाहिजे. आमच्या बाजूला हातभर माती आणि खाली पाषाण, कुदळ टणकन वाजते. ओलीची जमीन तात्यांच्या बांधात. हातभर रुंद खड्डा, तोही बुजवून टाकायचा, वर नुसतं पाईपाचं तोंड दिसणार.

तात्या म्हणाले, "आज खड्डा म्हनशील, उद्या खड्ड्याला पानी घालायला वाट म्हनशील, परवा सातबाऱ्यावर वहिवाट लावशील. माझ्या बांधात काय खांदायचं न्हाय."

बस्स. एवढंच झालं. भांडण नाही, कोर्ट नाही. आमच्या भागात माणूस लेकीच्या लग्नाला भावकीला हाताला धरून जेवायला बसवेल, आजारपणात रात्रभर उशाशी बसेल, पण बांधाची वीतभर माती मागितली की त्याचं काळीज दगड होतं. यात तात्या जगावेगळे नाहीत, हेच मला सहन होत नाही. घरी येऊन भावजी हसत म्हणाले, "तात्यांची लेटन्सी लई हाय वैनी. सांगितलंय, पोचंल." मला त्या हसण्याचाही राग आहे. पापणी लवायच्या आत आवाज यावा म्हणून महिनोन्‌महिने त्या मशीनशी झगडणारा माणूस, तात्यांपुढं मात्र 'पोचंल' म्हणून हसत बसला. का? थोरला म्हणून? त्यांनी तिथंच कुदळ मारायला हवी होती. मग झालं असतं भांडण. असते ना आज भांडायला.

भावजी गेले त्याच्या आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पेटी ओली, काठी ओली. वार आमचा होता, बागेला पाणी द्यायचं होतं. अर्थिंग असतं तर आधीच फ्यूज उडाला असता आणि भावजी कुरकुरत घरी आले असते. मला वीजकामातलं एवढंच कळतं, आणि तेही त्यांनीच शिकवलेलं.

आणि लोक काय म्हणाले? सांत्वनाला येणारा प्रत्येक माणूस खताच्या खोलीकडं मान वळवून म्हणायचा, कॉम्प्युटरचा नाद वाईट. विहिरीवर गेला, हे माहीत असूनही. गावोगाव पसरलं, की निरवांगीचा एक जण कॉम्प्युटरच्या वायरींमुळं गेला. दशक्रियेला तालुक्याचे एक पुढारी आले. सगळे उन्हात उभे, आणि ते माईकवर म्हणाले की आधुनिक यंत्रांपासून शेतकऱ्यानं सावध राहिलं पाहिजे. शेजारी तात्या मान खाली घालून उभे होते. त्यांनी एकदा तरी मान वर करून म्हणावं, साहेब, तसं नव्हतं... नाही म्हणाले. सगळ्या घरात, सगळ्या शिवारात, जिथं हात लावला तर माणूस मरणार नाही अशी जागा त्या कॉम्प्युटरची होती, आणि बदनाम तो झाला. कुणीतरी मला समजावलं, नशिबात असतं ते चुकत नाही. मी विचारलं, नशिबाला बांध कुणाचा लागतो? ते चहा न घेताच उठले.

पाण्याचा वार मात्र सुतक पाळत नाही. डाळिंबं फळावर होती. आमचे हे कारखान्यावर कामाला, शिवाय दुःखानं आणि स्वभावानं दोन्हींनी गप्प. बागेचं सगळं आता मंगलवर होतं. एके दिवशी तात्यांचा निरोप आला, अगदी मायेनं पाठवलेला. पाणी तुमचंच हाय, मंगलनं येऊन बटण दाबावं, भ्यायचं काय न्हाय, नवी काठी बसवलीय.

नवी काठी.

मंगल उठली. पदर खोचला, चप्पल शोधायला लागली. ती खरंच निघाली होती. मी तिच्या दंडाला धरून खाली बसवलं, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि निघाले. यात काही वीरश्री समजू नका. माझं वजन आणि गुडघे यांचं फार दिवसांपासून पटत नाही. विहिरीपर्यंत जाताना मी दोनदा थांबले, आणि तात्यांच्या बांधात चार घाव घातल्यावर कुदळ टेकवून अशी धापा टाकत उभी राहिले की बघणाऱ्याला वाटावं, हिलाच करंट बसलाय. मंगल मागोमाग आली होती. तात्या आले, त्यांच्या मागं त्यांच्या घरच्या, माझ्या थोरल्या जाऊबाई. मी पदर सावरला नाही. म्हटलं, "तात्या, मंगलचा हात त्या पेटीला लागायचा न्हाय. आधी खड्डा, मग पानी."

तात्या म्हणाले, "बांध माझा हाय."

"व्हय, तुमचाच हाय. खड्डाबी तुमचाच ऱ्हाऊ द्या. त्यातलं मीठसुदीक आमाला नको."

ते काही बोलणार होते. तेवढ्यात जाऊबाई बोलल्या. उभ्या आयुष्यात नवऱ्याच्या बोलण्यात न बोललेली ही बाई. त्यांनी आवाजही चढवला नाही. "तुमी इंदापूरला जाता तवा ते बटन मीच दाबती. माझाबी हात हाय." एवढं म्हणून त्या पुढं आल्या, माझ्या हातातली कुदळ घेतली आणि खणायला लागल्या. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं खणता येतं, हे मला आधी ठाऊक असतं तर मी दम वाचवला असता. मग तात्यांनी वाकून माती ओढायला सुरुवात केली. पोचलं त्यांना. पण केव्हा...

अर्थिंग झालं. नवी पेटीही आली. त्यानंतर तात्यांनी रंगाऱ्याला बोलावलं, पेटीवर भावजींचं नाव घालून खाली 'यांच्या स्मरणार्थ' लिहायचं म्हणून. आमच्याकडं पाण्याच्या टाकीपासून स्मशानातल्या बाकड्यापर्यंत सगळं कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असतं. रंगारी डबा उघडून बसला होता. मंगल त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तात्यांना म्हणाली, "त्यास्नी खड्डा पायजे हुता, तात्या. नाव न्हवतं मागितलं." रंगाऱ्यानं झाकण लावलं. पेटी कोरी आहे.

लोक विचारतात, खताच्या खोलीतल्या त्या कॉम्प्युटरचं काय करणार. आहे तसा आहे. सासूबाईंनी थंडीसाठीसुद्धा गोधड्या काढायच्या नाहीत असं ठरवलंय. मी मात्र त्या खोलीत फारशी जात नाही. भावजी मला भेटतात ते विहिरीवर, आमच्या वाराला. मंगल आधी बादलीभर पाणी खड्ड्यात ओतते, कारण अर्थिंगची माती ओली लागते. दर वाराच्या जाण्यायेण्यानं तात्यांच्या बांधावरचं गवत दबलंय, आणि ते भीत होते तशी वाट पडायला लागलीय. पडू दे. मग ती हात पदराला कोरडा पुसते आणि पेटीपुढं उभी राहते. काठी आता तिथं नसते. मी चार पावलं मागं. तिचं बोट बटणावर जातं, मोटार घरघरते, आणि पाईपाच्या तोंडाला पाणी येईपर्यंत मी श्वास घेत नाही. पाणी येतं. मंगल सुखरूप बागेकडं चालायला लागते. इतकं सोपं होतं हे... हातभर खड्डा, मीठ, कोळसा. ती डाळिंबांच्या ओळीत दिसेनाशी होते, आणि मला परत पहिल्यापासून राग यायला लागतो.